पाचवी खिडकी

१

सकाळी साडेनऊला अप्पा आणि आई भेंडीच्या प्लॉटकडं गेले की घरात दोघंच उरायची. सुयोग आणि त्याची थोरली बहीण रोहिणी. रोहिणी कॉटवर असायची. परक्या माणसाला वाटलं असतं, घरात जागं माणूस एकच आहे. सुयोगला तसं वाटत नसे. रोहिणीचे डोळे उघडे असत आणि ते त्याच्यामागं खोलीभर फिरत.

सात महिन्यांपूर्वी तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. बारामतीच्या दवाखान्यात चाळीस दिवस काढून ती लोणी भापकरला परत आली ती अशी. मानेखालचं काही हलत नव्हतं. जीभ गिळण्यापुरती चालायची, बोलण्यापुरती नाही. डॉक्टर म्हणाले, "तिला ऐकू येतं. कळतंही बहुतेक सगळं. धीर धरा."

धीर धरायचं काम सुयोगकडं आलं. नववीतून शाळा सोडल्यापासून तो घरीच होता. चार माणसांत जायचं म्हटलं की त्याच्या तळहातांना घाम यायचा. दर दोन तासांनी बहिणीला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चमच्या-चमच्यानं पेज भरवायची. यातलं काहीच त्याला जड वाटलं नाही. रोहिणीसमोर त्याला कधी लाज वाटली नव्हती.

मधल्या वेळात तो गेम खेळायचा. कॉम्प्युटर त्याच खोलीत, कॉटपासून दोन हातांवर होता. गेम ऑनलाइन, जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्यात हिंडणारी. मोठ्या राक्षसाशी लढायचं तर पाच जणांची टोळी लागायची. पण अनोळखी माणसाला "येतोस का?" एवढं टाइप करायलाही सुयोगची बोटं अडायची. म्हणून पाचही जण तोच झाला होता. पडद्यावर पाच खिडक्या. पहिलीत तलवारवाला, मग ढालवाला, तिरंदाज, जादूगार आणि पाचवीत औषधवाली बाई. मधे एक छोटा प्रोग्राम टाकलेला. एक बटण दाबलं की ते पाचही खिडक्यांत दाबलं जायचं. तलवारवाला पुढं निघाला की बाकीचे चौघं निमूट त्याच्यामागं.

औषधवाली रोहिणीनं बनवली होती. आजारी पडायच्या आधी ती शेजारी स्टूल टाकून बसायची. "ते चौघं तुझे. त्यांना काय नाचवायचं ते नाचव. ही माझी," म्हणायची. तिनं त्या बाईला स्वतःसारखी एक लांब वेणी दिली होती.

मार्चमधली सकाळ होती. अकरा वाजले असतील. ढालवाल्याला जखम झाली म्हणून सुयोगनं तीन नंबरचं बटण दाबलं. पाचव्या खिडकीतल्या बाईनं दोन्ही हात वर उचलले.

मागं कॉट करकरली.

सुयोगनं वळून पाहिलं. रोहिणीचे दोन्ही हात चादरीच्या वर उचललेले होते, तळवे बाहेरच्या बाजूला, कोपरं ताठ. पडद्यावरच्या बाईचा मंत्र संपेपर्यंत ते तसेच राहिले. मग गादीवर पडले.

२

शीर उडाली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कोंबडीची मान कापल्यावरही पंख फडफडतात. हा विचार आला म्हणून त्याला स्वतःचीच शरम वाटली.

मग त्यानं पुन्हा दाबलं. हात उचलले गेले. डोळे मिटून दाबलं, कॉट करकरली. गेम बंद करून तेच बटण दहा वेळा दाबलं, काही नाही. फक्त पाचवी खिडकी उघडली आणि दाबलं, काही नाही. तीन उघडल्या, चार उघडल्या, रोहिणी निपचित. पाचवी उघडली आणि हात वर आले. पाचच का लागतात, हे त्याला उमगलं नाही. ते शोधत बसण्याएवढा दम त्याच्यात त्या दिवशी नव्हता. 

दुपारी त्यानं पुढं चालायचं बटण दाबलं. चादरीखाली रोहिणीचे पाय आडवेच चालायला लागले.

तीन वाजता त्यानं तिला उभं केलं.

ती उभी राहिली. सात महिन्यांत तिच्या पोटऱ्या काटक्यांसारख्या झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, जीव आला तरी आधी थरथर होईल, धरून उभं करायला लागेल. पण त्या काटक्यांवर ती खांबासारखी उभी होती. थरथर नाही, धाप नाही, हात टेकायला भिंत शोधणं नाही. गाऊनची बाही खांद्यावरून घसरली होती, ती तिनं वर ओढली नाही.

सुयोग रडायला लागला. आनंदानं रडतोय, असंच त्याला वाटलं.

३

आई, सिंधुबाई, भेंडीची पाटी घेऊन दारात आली आणि पाटी तिच्या हातून तशीच सुटली.

"आगं बया! माजी पोर! आवो, पळा, बघा कोण उठलंय!"

ती रोहिणीच्या गळ्यात पडली. रोहिणीचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. सुयोगला त्या हातांनी आईला मिठी मारावी असं फार वाटलं, पण मिठीचं बटण त्या गेममधे नव्हतं.

"आई, मी बटण दाबतोय म्हणून उठली ती."

"दाब की मग. दाबतच ऱ्हा."

"तसं न्हाय गं. मी थांबलो की ती पडंल."

"मंग थांबायचं कशाला म्हणते मी?"

अप्पा धावत आले. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. शेजारची शकुबाई येऊन दारातच उभी राहिली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "कंप्युटरचा आवाज मानवला पोरीला. आमच्या म्हाताऱ्याला रेडिओ मानवायचा. बंद केला की न्हाय का, वराडायचा."

सगळे हसले. आई हसत रडली. सुयोगनं दोनदा तोंड उघडलं, पण बोलायला मधे फट सापडेना. आणि त्या घरात सात महिन्यांनी कुणीतरी हसत होतं.

४

एप्रिलभर तो रोहिणीला चालवत होता. सकाळी अंगणात तुळशीपर्यंत, संध्याकाळी ओट्यापर्यंत. गेममधे त्यानं एक मोकळं मैदान शोधून काढलं, तिथं तलवारवाल्याला पावलं टाकायला लावायचा. बाकीचे मागून यायचे आणि इथं रोहिणी चालायची.

चांगलंच चाललं होतं, फक्त काही गोष्टी खटकायच्या. त्या गेममधल्या माणसांना नुसतं उभं केलं की ती उगीच भार या पायावरून त्या पायावर घेतात, तळवे मांडीला पुसतात. थोड्या थोड्या वेळानं, ठरल्यासारखं. रोहिणीही तसं करायची. आई म्हणायची, "बघ, कटाळली." सुयोग मोजायचा. नऊ सेकंद. पुन्हा नऊ.

आणि डोळे. ती तुळशीकडं तोंड करून चालायची, पण डोळे कोपऱ्यात ओढून घरातल्या खोलीकडं, सुयोगकडं बघत. गेममधे डोळ्यांसाठी बटण नव्हतं. तिच्या अंगात तेवढेच काय ते तिचे उरले होते.

एका दुपारी घरात कुणी नसताना त्यानं तिला कॉटवर बसवलं आणि समोर उकिडवा बसला.

"ताई, हे बंद करू का? करायचं असंल तर डोळे मीट."

तिनं डोळे मिटले. पापण्यांना सुरकुत्या पडतील इतके घट्ट.

पापण्या तर कुणाच्याही लवतात, त्यानं स्वतःला समजावलं. त्यानं प्रश्न उलटा केला.

"चालू ठिवायचं असंल तर मीट."

ती बघत राहिली. डोळ्यांत पाणी भरलं, कडांवरून गालांवर आलं, तरी तिनं पापणी पाडली नाही.

सुयोगनं पाचही खिडक्या बंद केल्या. रोहिणी एका अंगावर कलंडली. त्यानं तिला नीट निजवलं, पाय सरळ केले, पांघरूण घातलं. ती त्याच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी सैल झाल्यासारखं त्याला वाटलं.

संध्याकाळी आई आली. तिनं कपाळाला नवीन कुंकू लावलं होतं.

"का रं निजवलीस? उठीव की. देवळात नारळ फोडून आलेय, तिच्या हातानं वाटते समद्यांना."

सुयोग खुर्चीवर बसला आणि एकेक करून खिडक्या उघडल्या. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

५

मेच्या पहिल्या आठवड्यात अप्पा बारामतीच्या मार्केटातून आले ते फेटा काढायच्या आधीच बोलायला लागले.

"इंदापूरचं मोहनराव भेटलं. आपल्या रोहिणीला त्यांनी भिगवणच्या लग्नात बघितल्याली, आजाराच्या आधी. रणजितसाठी, त्यांच्या पोरासाठी, आजून मनात हाय त्यांच्या. तापाचं कानावर गेलंय, म्हणून एकदा डोळ्यांनी बघू म्हणत्यात. रविवारी दोघं नवराबायकोच येणार. पसंत पडली की मग पोरगं येईल."

आईनं हात जोडले.

"अप्पा, ती चालत न्हाय," सुयोग म्हणाला. " मी चालवतोय."

"मग चालव की! भावानं न्हाय तर कुणी चालवायचं?"

"तुमी समजून घ्या ना. तिला बोलता येत न्हाय..."

"लाजती म्हणून सांगू. तूच बघ की, पावणं आलं की गोठ्यात जाऊन बसतोस. कोण इच्यारतंय?"

"आन लगीन झाल्यावर?"

"लगीन झाल्यावर तूबी जा इंदापूरला कंप्युटर घिऊन. पाठराखा म्हणून!" अप्पा मोठ्यानं हसले. मग त्यांचं हसू ओसरलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, "सुयोग, गावात बोलत्यात रं. पोरगी पडून हाय म्हणत्यात. एकदा चार पावलं चालून दाखवू दे तिला. तिच्या घरी गेली की तिथं सुधारंल. आमी काय जन्माला पुरणार हाय का?"

बाप-लेकाच्या मधे कॉट होती. रोहिणी डोळे मिटत होती, उघडत होती, मिटत होती. अप्पांना ते दिसलं असावं. ते फेटा सोडत बाहेर गेले.

त्या आठवड्यात सुयोगनं तीन वेळा वाक्य जुळवलं. 'अप्पा, तिला हे नको आहे.' एवढंच. आंघोळीच्या वेळी मनात म्हटलं की सरळ यायचं, अप्पांसमोर आलं की तो त्यांना पाण्याचा तांब्या देऊन परत फिरायचा. त्याऐवजी त्यानं आई सांगेल तशी तालीम केली. कॉटपासून स्वयंपाकघर सहा पावलं. ट्रे उचलायचा. उजवीकडं वळायचं. बाहेरच्या खोलीत अकरा पावलं. वाकायचं. पाटावर बसायचं.

६

रविवारी अकराला पाहुणे आले. सुयोगनं टेबल असं वळवून ठेवलं होतं की दाराला लावलेल्या पडद्याच्या फटीतून बाहेरची खोली दिसावी. चार प्लास्टिकच्या खुर्च्या. दोनवर मोहनराव आणि त्यांच्या पत्नी विजयमाला, समोर अप्पा आणि आई. पोहे झाले. उन्हाचं, डाळिंबाचं, इंदापूरच्या रस्त्यावरच्या ट्रकांचं बोलणं झालं.

"बोलवा मग मुलीला," विजयमाला म्हणाल्या.

सुयोगनं बटण दाबलं. निळ्या साडीतली रोहिणी चहाचा ट्रे घेऊन निघाली. एक थेंब सांडला नाही. चौघांनी कप घेतले. त्यानं वाकायचं बटण दाबलं, रोहिणी वाकली.

टक.

चार कप एकाच वेळी बशांवर टेकले होते. आवाज एकच आला.

नमस्कार घ्यायचा म्हणून ठेवले असतील, सुयोगनं मनाशी म्हटलं. रीतच आहे ती. त्यानं बसायचं बटण दाबलं. रोहिणी पाटावर बसली आणि चारही खुर्च्या एकदम करकरल्या. मुलगी बसली की माणसं सावरून बसतात. बसतातच. त्याचे तळहात ओले झाले होते, बोटं बटणांवरून घसरत होती.

"राग मानू नगंस बाळ," विजयमाला म्हणाल्या, "तापाचं ऐकलं म्हणून म्हणते. जरा त्या दारापतुर चालून ये."

ते दार सुयोगच्या खोलीचं होतं. त्यानं तिला उठवलं, वळवलं आणि आपल्याकडंच चालत आणलं. पावलामागं पाऊल. दाराच्या पडद्यापलीकडं वीतभर अंतरावर ती थांबली. इथून तिचा चेहरा फक्त त्यालाच दिसत होता. तिनं डोळे मिटले, घट्ट. उघडले. पुन्हा मिटले. खालचा ओठ, जबडा, मान, सगळं शांत होतं, आणि त्या शांत चेहऱ्यात दोन डोळे कुणीतरी विहिरीतून हाका माराव्यात तसे उघडत-मिटत होते.

सुयोगला वाक्य बोलता येणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. पण कॉम्प्युटरची वायर ओढता येत होती. ती पडेल. पाहुणे उठतील. अप्पा मारतील. मारू देत. लग्न तर मोडेल.

त्यानं टेबलाखाली हात घालून वायर उपसली. पाचही खिडक्या विझल्या. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर खाली येत येत थांबली.

रोहिणी पडली नाही.

ती उभीच होती. मग सुयोगकडं पाठ करून ती वळली आणि बाहेरच्या खोलीत चालत गेली. अकरा पावलं. त्यानं मोजली. ती पाटावर बसली आणि पदर सारखा केला. पदराची तालीम त्यांनी केली नव्हती.

"बरं, नाव का..." विजयमाला विचारत होत्या.

"रोहिणी," ती म्हणाली. प्रश्न पुरा व्हायच्या आत. आवाज तिचाच होता, स्वच्छ, जराही खरखर नसलेला.

आईनं तोंडाला पदर लावला. अप्पांची मान खाली गेली, खांदे हलायला लागले.

"स्वयंपाक..."

"येतो."

"आमच्याकडं नांदायला..."

"आवडेल."

"लाजती म्हणत होता की हो!" मोहनराव म्हणाले. "वकीलच हाय पोरगी!"

७

मग बाहेर पेढे फिरले. अप्पांनी काहीतरी विनोद केला आणि चौघंही हसायला लागले. अप्पांचं भरदार हसणं, आईचं ओलं, मोहनरावांचं खोकल्यासारखं, विजयमालांचं बारीक. चारही आवाज वेगळे ओळखू येत होते. सुयोग काळ्या पडद्यासमोर बसून होता. उपसलेली वायर अजून त्याच्या मुठीत होती.

रोहिणी रिकामा ट्रे घेऊन आत आली. तिनं तो कॉटवर ठेवला. चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर ठेवलेलं हसू तसंच होतं.

"ताई?" तो म्हणाला. "ताई, तू बरी झालीस?"

"सरक," ती म्हणाली.

तो उठला. उठायचं की नाही हे ठरवायच्या आधीच उठला आणि भिंतीला टेकला. रोहिणी खुर्चीवर बसली. समोर पडदा काळाच होता. कीबोर्डवर एकही दिवा नव्हता. तिनं तर्जनी पुढं केली आणि एक बटण दाबलं.

हसणं थांबलं.

ओसरलं नाही. चारही हसणी एकाच जागी, मधेच तुटली. भांड्याचा आवाज नाही, खोकला नाही. दाराच्या पडद्याच्या फटीतून त्याला दिसलं. चौघं खुर्च्यांवर होते, तोंडं उघडी, मोहनरावांच्या हातात अर्धा पेढा. आईच्या गालावरून एक थेंब तेवढा खाली उतरत होता.

रोहिणीनं पुन्हा बटण दाबलं. हसणं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू झालं.

हे ताईचं नाही, सुयोगला वाटलं. ताई असं करणार नाही. आणि तेव्हाच त्याला तिचे डोळे दिसले. मान कॉम्प्युटरकडं होती, हसू कॉम्प्युटरकडं होतं, पण डोळे कोपऱ्यात ओढून त्याच्याकडं लागले होते. पाण्यानं भरलेले, तिचे स्वतःचे. ते घट्ट मिटले. उघडले. पुन्हा मिटले. थांबव, थांबव, थांबव.

त्याला तिचा हात धरायचा होता. त्याचा हात मांडीपाशी लोंबत राहिला. मुठीतली वायर सुटून फरशीवर पडली आणि ती त्यानं सोडली नव्हती. आईला हाक मारायची होती. जीभ गिळण्यापुरती हलली.

जन्मात पहिल्यांदा त्याला चार माणसांसमोर मोठ्यानं ओरडायचं होतं. पण त्या गेममधल्या माणसांना ओरडता येत नाही. तसलं बटणच नसतं.

रोहिणीचं बोट एकेक बटण चाचपत पुढं सरकत होतं.